नहेम्याचा पाचवा अध्याय

प्रार्थनेने समाज बदलतो काय, हा प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वीच निकालात काढला आहे, अशी आपली समजूत आहे. बाबासाहेबांनी आपल्या हाती प्रार्थना दिली नाही, प्रतिज्ञा दिल्या. म्हणूनच ‘प्रार्थना आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर पुण्याजवळ भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती मेळाव्यात मी निरीक्षक म्हणून चार दिवस बसून आलो हे कळल्यावर, ‘तिथं तुझं काय काम?’ असे एका कार्यकर्त्या मित्राने मला सरळच विचारले. या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे असे मला वाटते.

पहिले कारण घरचे आहे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) आमच्या भावकीला दोन दारे आहेत. पणजोबांच्या पिढीत एक घर मिशनच्या शाळेमागे ख्रिस्ती झाले, दुसरे १९५६ नंतर बौद्ध झाले. चुलत्यांच्या घरी रविवारी उपासना होते, आमच्या घरी पौर्णिमेला वंदना होते. मरीआईची जत्रा दोन्ही घरांनी सोडली. गावाने मात्र दोन्ही घरांना सोडले नाही. गावाच्या लेखी ती दोन्ही महारवाड्यातलीच घरे. तेव्हा तिथले परिवर्तन हा मला परका विषय नाही.

दुसरे कारण शब्दाचे आहे. ‘परिवर्तन’ हा आपला शब्द. ‘दलित’ हाही आपलाच शब्द. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तो रस्त्यावर आणला आणि १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो थेट ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या वर्गात नेला. आपले शब्द दुसऱ्यांनी वापरले म्हणून रागावण्याचे कारण नाही. पण त्या शब्दांत त्यांनी कोणता अर्थ भरला आहे, हे तपासणे आपले काम आहे. मी घराण्यातला पहिला पदवीधर. ज्याच्या घरात पुस्तक पहिल्यांदा आले त्याला पुस्तक अर्धे वाचण्याची चैन परवडत नाही. आणि या मेळाव्यात एक पुस्तक अर्धेच वाचले गेले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आधी जे चांगले दिसले ते नमूद करतो. कोरिया, नायजेरिया, ब्राझील, अमेरिका, नागालँड, आंध्र, तामिळनाडू अशा ठिकाणांहून माणसे आली होती. कोरियन मंडळी पहाटे अंधारातच प्रार्थनेला बसत. सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. त्यात ढोंग नव्हते. जेवणाची रांग एकच होती, ताटे एकाच ढिगातली होती आणि आपापले ताट ज्याने त्याने धुवायचे होते. ज्यांच्या बापजाद्यांना ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, त्यांना ही गोष्ट लहान वाटू शकत नाही. आपल्याकडच्या किती पुरोगामी शिबिरांत वक्ते आपले ताट धुतात, हेही विचारून पाहण्यासारखे आहे.

परंतु समाज म्हणजे जेवणाची रांग नव्हे. समाजाविषयी बोलायला सुरुवात झाली तेव्हा समोर आला तो नकाशा. एका शहराचा मोठा नकाशा भिंतीवर लावला होता. त्यावर देवळे, दर्गे, दारूची दुकाने, जुगाराचे अड्डे अशा खुणा होत्या. कोणत्या भागावर कोणत्या दुष्ट शक्तीचा अंमल आहे हे ओळखायचे आणि तिच्याविरुद्ध त्या भागात फिरत प्रार्थना करायची, अशी ही पद्धत. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पीटर वॅग्नर, जॉर्ज ओटिस (धाकटे) यांनी ‘आध्यात्मिक नकाशा’ या नावाने ती जगभर नेली. मी तो नकाशा बराच वेळ पाहिला. त्यावर दारूचे दुकान होते. पण सफाई कामगारांची वसाहत शहराच्या कोणत्या टोकाला आहे, नळ कोणत्या गल्लीपर्यंत येऊन थांबतो, स्मशाने किती आहेत आणि कोणाची, याची एकही खूण नव्हती. आपल्या देशातील गाव आणि शहर ज्या रेषेने दुभंगले आहे ती रेषाच त्या नकाशावर नव्हती. भुते मात्र नोंदलेली होती.

भूत शोधले की माणूस सुटतो. या विचारपद्धतीचा मूळ दोष हाच होय. दुःखाचे कारण एखाद्या अदृश्य शक्तीत टाकले की त्या दुःखावर ज्यांची शेते पिकली, ज्यांचे वाडे उभे राहिले, त्यांना त्याच सभागृहात पहिल्या रांगेत बसून आपल्याबरोबर रडता येते.

दुसऱ्या दिवशी याच ओटिस यांनी १९९९ साली काढलेल्या ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ या माहितीपटाचा एक भाग दाखवला. त्यातले ग्वाटेमालामधील अल्मोलोंगा हे गाव अशा मेळाव्यांत आदर्श म्हणून सांगितले जाते. क्विचे माया लोकांचे हे डोंगराळ गाव. पूर्वी तेथे दारू, मारामाऱ्या, दारिद्र्य होते. लोक माशिमोन नावाच्या देवतेला भजत. मग प्रार्थनेची लाट आली, बहुसंख्य गाव इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाले, तुरुंग ओस पडले आणि जमिनीने हाताएवढी गाजरे दिली, अशी ही कथा आहे. पडद्यावर ती गाजरे आली तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या.

दारू सुटली असेल तर ते चांगलेच झाले. दारू सुटलेल्या घरात पोरांच्या पोटात चार घास जास्त जातात, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. परंतु अल्मोलोंग्याची काळी ज्वालामुखीची माती, पाण्याची सोय, मक्याऐवजी घेतलेला नगदी भाजीपाला, एल साल्वादोर आणि मेक्सिकोपर्यंत माल नेणारे तेथील व्यापारी, खते आणि कीटकनाशके यांचा विचार केल्याखेरीज त्या गाजरांचा अर्थ लागत नाही. मानवशास्त्रज्ञ त्या गावात जाऊन राहिले आहेत आणि तेथील धर्मांतर व तेथील बाजार यांचा संबंध त्यांनी तपासला आहे. नवा धर्म आणि नवा व्यापार तेथे एकमेकांचा हात धरून वाढले. माहितीपटाने त्यातला एकच हात दाखवला.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्या १९९९ साली हा माहितीपट निघाला त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्वाटेमालाच्या सत्यशोधन आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ३६ वर्षांच्या यादवीत दोन लाखांवर माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. या हिंसेचा अत्यंत भीषण कालखंड १९८२-८३ चा. तेव्हा सत्तेवर होता जनरल एफ्राइन रिओस माँट. तो स्वतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती होता, रविवारी दूरचित्रवाणीवरून देशाला नीतीचे पाठ देत असे, आणि परदेशात त्याच्यासाठी प्रार्थना करणारे कमी नव्हते. २०१३ साली न्यायालयाने त्याला इशिल माया लोकांच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. दहा दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल तांत्रिक कारणावरून रद्द केला. २०१८ मध्ये फेरसुनावणी चालू असतानाच तो मरण पावला. माया लोकांच्या एका गावाची गाजरे जगभर दाखवायची आणि त्याच लोकांच्या शेकडो जाळलेल्या गावांविषयी एक शब्द बोलायचा नाही, याला परिवर्तनाची साक्ष म्हणता येईल काय? ही वेचक साक्ष आहे. वेचक साक्ष न्यायालयात टिकत नाही. ती इतिहासातही टिकू नये.

आता पुस्तकाविषयी. मेळाव्याचे मुख्य वाचन जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचे होते. रोज सकाळी एक अध्याय. नहेम्या हा पारसाच्या राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत हे ऐकून तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. हा पहिला अध्याय. राजाची परवानगी मिळवून तो जातो, दुसरा. लोक आपापल्या वाट्याचा तट बांधायला घेतात, तिसरा. शत्रू टिंगल करतात, धमक्या देतात, म्हणून लोक एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरतात, चौथा. चार दिवसांत चार अध्याय झाले आणि समारोपाच्या भाषणात वक्त्याने थेट सहावा अध्याय काढला, कारण तेथे बावन्न दिवसांत तट पुरा होतो.

मधला पाचवा अध्याय कोठे गेला?

रात्री खोलीवर ठेवलेले मराठी पवित्र शास्त्र घेऊन मी तो वाचला. त्यात बाहेरचा शत्रू नाही. तट बांधणारे गरीब लोक आणि त्यांच्या बायका उठून आक्रोश करतात, आणि तो आक्रोश आपल्याच यहूदी भावांविरुद्ध असतो. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत. राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे. पोरे गुलामीत द्यावी लागत आहेत. काही मुली तर गेल्याच आहेत आणि त्यांना सोडवायला हातात काही उरलेले नाही. हे ऐकून नहेम्या काय करतो? तो प्रार्थनासभा बोलावत नाही. तो संतापतो, विचार करतो, सरदारांना आणि अधिकाऱ्यांना तोंडावर बोल लावतो आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरवतो. आपण आणि आपले भाऊबंदही उसनवारीने पैसा व धान्य देत आलो आहोत, हे तो सभेतच सांगून टाकतो. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज आजच्या आज परत करा, असे बजावतो. सावकार कबूल होतात. पण तो त्यांच्या शब्दावर विसंबत नाही. याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावतो. धर्मगुरूचे काम येथे काय? गहाणखत फाडले जाताना साक्षीला उभे राहणे. स्वतःसाठी मागितलेली एका ओळीची प्रार्थना येते ती हे सगळे झाल्यावर, अध्यायाच्या अगदी शेवटी.

या रचनेला अर्थ आहे. चौथ्या अध्यायातून सहाव्यात जायला मध्ये पूल नाही; पाचवा ओलांडूनच जावे लागते. ज्याचे शेत गहाण आणि मुलगी गुलामीत, त्याने कोणाचा तट बांधायचा आणि कशासाठी, हा प्रश्न सुटल्याशिवाय तट पुरा होत नाही, असे ते पुस्तक स्वतःच सांगते. मी समारोपानंतर एका वक्त्यांना याविषयी विचारले. सद्गृहस्थ होते, म्हणाले, तो आर्थिक भाग आहे, आपला विषय प्रार्थना होता. मला वाटते, साऱ्या मेळाव्याची मर्यादा या एका वाक्यात आली.

नहेम्या आपला नायक आहे असे मात्र कोणी समजू नये. याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तो परजातीच्या बायका केलेल्या माणसांना मारतो, त्यांचे केस उपटतो. आंतरजातीय विवाहाला जातिनिर्मूलनाचा मार्ग मानणाऱ्यांना हा नहेम्या चालणार नाही. शिवाय तट हे प्रतीकच आपल्याला जपून घ्यावे लागते. सभागृहात तट म्हणजे सुरक्षितता होती. आपल्याला तट म्हणजे तामिळनाडूतील उथपुरम, जिथे १९८९ मध्ये दलितांची वाट अडवणारी भिंत उभी राहिली आणि तिचा एक भाग पाडायला २००८ साल उजाडावे लागले. तट म्हणजे तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीतील भिंत, जिच्या एका बाजूला सवर्ण ख्रिस्ती आणि दुसऱ्या बाजूला दलित ख्रिस्ती पुरले गेले. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या धर्मात मेलेल्यांनाही जातीने निजवले गेले! प्रार्थना करणाऱ्याने आधी हे सांगावे की, त्याला भिंत बांधायची आहे की पाडायची आहे.

तिसऱ्या दिवशी रात्री पश्चात्तापाची सभा झाली. पूर्वजांच्या पापांची कबुली त्यांच्या वंशजांनी द्यायची, असा तो प्रकार. एका युरोपीय प्रतिनिधीने वसाहतवादाबद्दल क्षमा मागितली. मग सवर्ण कुळातून आलेल्या एका भारतीय पाळकाने एका दलित पाळकाचे पाय धुतले. दोघेही रडले; सभागृहही रडले. त्या अश्रूंची मी थट्टा करणार नाही. पाय धुणारा वाकला होता, हे मी पाहिले आहे. पण धुतलेले पाय दुसऱ्या दिवशी कोणत्या वस्तीत परत गेले? मंडळीच्या कारभारात, शाळा-महाविद्यालयांच्या नेमणुकांत, मिशनच्या जमिनींच्या व्यवहारात त्या पायांना जागा झाली काय? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जात असल्याचे मान्य केले, आणि १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे सांगितले. ही कागदावरची कबुली मला त्या रात्रीच्या अश्रूंपेक्षा महत्त्वाची वाटते. कागदाला जाब विचारता येतो, अश्रूला विचारता येत नाही.

कागदाचा विषय निघाला म्हणून आणखी एक कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. १९८५ साली सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही नव्या धर्मात जातीमुळे होणारी वंचना तितकीच तीव्र आहे, हे दाखवावे लागेल. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. यातली कोंडी पाहा. न्यायालय म्हणते, चर्चमध्ये जात आहे हे सिद्ध करा. चर्चचे मेळावे म्हणतात, ख्रिस्तात जात नाही, येथे सगळे एक आहेत. एकाला पुरावा हवा आहे आणि दुसरा तो पुरावा लाजेपोटी झाकतो आहे. मध्ये चिरडतो आहे दलित ख्रिस्ती. म्हणून माझ्या चुलत्यांची नातवंडे शाळेच्या दाखल्यावर एका धर्माची आणि रविवारी दुसऱ्या धर्माची असतात, आणि ही चोरी त्यांच्यावर कोणी लादली हे कोणी बोलत नाही. चार दिवसांच्या हजारो प्रार्थनांत त्या तिसऱ्या परिच्छेदासाठी एकही प्रार्थना माझ्या कानावर आली नाही.

मग प्रार्थना निरर्थक आहे काय? असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेचे मोठे पुनरुज्जीवन झाले, आणि ख्रिस्ती जग केडगावला त्यासाठी ओळखते. पण त्याआधी १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली-बायका वाचवून आणल्या होत्या. त्यांना अन्न, अक्षर, शेती, विणकाम, छपाई दिली होती. आधी भाकरी आणि खिळे जुळवणारे हात, मग प्रार्थना. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहराच्या बसवर बहिष्कार टाकला. त्यांच्या सभा चर्चमध्ये भरत, प्रार्थनेने सुरू होत. पण तेथेच उद्या कोणाची मोटार कोणाला कामावर पोचवणार याची व्यवस्था लागे, पैसे गोळा होत, आणि बाहेर न्यायालयात खटला चालू असे. तेथे प्रार्थना पाचवा अध्याय टाळण्यासाठी नव्हती. त्यात उतरण्याचे बळ मिळावे म्हणून होती.

आणि तो बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसे उभी राहिली. त्यांनी कोणाकडे काही मागितले नाही. त्यांनी स्वतः काय करणार आणि काय करणार नाही, हे एकेक करून उच्चारले. जुनी दैवते आपणही सोडली. पण ती भुते आहेत म्हणून नव्हे, तर ती आपल्या गुलामीच्या व्यवस्थेचा भाग होती म्हणून. माशिमोनला सैतान ठरवणारा प्रचारक आणि मरीआई सोडणारा आपला आजा, या दोघांतला फरक विसरता कामा नये. पहिला दुसऱ्याच्या देवाला हाकलतो. दुसऱ्याने आपल्याच मनातला मालक हाकलला. प्रार्थनेत कर्ता वर असतो, प्रतिज्ञेत कर्ता मी असतो. महाडला १९२७ साली पाण्याला हात लावला तो या कर्त्याने.

परंतु प्रतिज्ञाही नुसती पाठ म्हटली की तिची प्रार्थनाच होते, हे आपल्या विहारांनी ऐकले पाहिजे. दर वर्षी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आणि परत येऊन पोटजात पाहून सोयरीक जुळवायची. वंदनेला पांढरे नेसायचे आणि ख्रिस्ती झालेल्या भावाच्या हक्काचा प्रश्न निघाला की आपला वाटा कमी होईल म्हणून गप्प बसायचे, हासुद्धा पाचवा अध्याय गाळण्याचाच प्रकार आहे. पाचव्या अध्यायातला आक्रोश आपल्याच भावांविरुद्ध आहे, हे येथेही लागू आहे.

म्हणून त्या मेळाव्याच्या मंडळींना, आणि आपल्याही मंडळींना, माझे एवढेच सांगणे आहे: परिवर्तन हा शब्द वापरण्यापूर्वी तीन गोष्टी दाखवा. तुमच्या नकाशावर जातीची रेषा आहे काय? तुमच्या पश्चात्तापानंतर कोणाचे काय परत दिले गेले? आणि तुमचा धर्मगुरू, मग तो पाळक असो वा भन्ते, गहाणखत फाडताना साक्षीला उभा राहिला काय? यांची उत्तरे मिळाली तर प्रार्थना करायची की प्रतिज्ञा घ्यायची, हा वाद आपण नंतर निवांत घालू. तोपर्यंत सहावा अध्याय कोणी उघडू नये.